साजूक तुपातला मेलोमाकारोना आणि माझी बाकीची इस्टेट

मी, वेद प्रल्हाद चांदोरकर, वय एकवीस, शाळा निम्मी नाशिकला आणि निम्मी फ्रीमाँटला, कॉलेज ॲन आर्बरला आणि तेही अर्धवट, हल्ली मुक्काम त्याच गावी, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही सांगण्यावरून नव्हे असं लिहून ठेवतो. शुद्धीत आहे एवढंच म्हणतो. शांत आहे असं म्हणत नाही. एवढी वाक्यं लिहिताना दोनदा उठून खिडकीशी जाऊन आलो.

यापूर्वी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखं काही नाही.

कारण असं, की परवा सकाळी माझं पित्ताशय काढणार आहेत. डॉक्टरबाई म्हणाल्या, छोटं ऑपरेशन आहे, त्याच दिवशी घरी जाशील. मग विचारलं, घरी न्यायला कोण येणार? टॅक्सी चालत नाही, ओळखीचं माणूस लागतं, नाहीतर ऑपरेशन पुढे ढकलतात. माझा रूममेट कुश उद्या न्यू जर्सीला आई-वडिलांकडे चालला आहे. मी बेकरीतल्या कातेरीनाचं नाव सांगून मोकळा झालो. कातेरीनाला विचारलेलं नाही. विचारणार कसं, ती माझ्याशी बोलत नाही.

कुश म्हणाला, "भावा, गॉलब्लॅडरसाठी कुणी विल करतं का?"

म्हटलं, मी करतो.

कलम १. माझी इंजिनीअरिंगची सगळी पुस्तकं आणि कॅल्क्युलेटर माझे वडील श्री. प्रल्हाद चांदोरकर, फ्रीमाँट, यांना मिळावीत. त्यांनीच घेऊन दिली होती. थँक्सगिव्हिंगला पाहुण्यांसमोर ते मला म्हणाले, "नानकटाईच भाजायची होती तर मिशिगनला कशाला गेलास, इथेही ओव्हन आहे." पाहुणे हसले. मी ताटावरून उठलो आणि दुसऱ्या दिवशीचं विमान पकडलं. बाबा, मेलोमाकारोना म्हणजे नानकटाई नव्हे. ग्रीक लोकांचं नाताळचं बिस्किट आहे ते. ऑलिव्हचं तेल, संत्र्याचा रस, दालचिनी, लवंग. भाजून मधाच्या पाकात बुडवायचं आणि वर अक्रोडाचा चुरा. बिस्किट गरम असेल तर पाक गार हवा, पाक गरम असेल तर बिस्किट गार. दोन्ही गरम असली की लगदा होतो. आपलं दोघांचं काय होतं ते मला बेकरीत कळलं.

कलम २. माझी जाड रजई आणि नाशिकहून आणलेली पितळी किसणी आईला, सौ. सुमित्रा चांदोरकर यांना. तिने कढवून पाठवलेल्या साजूक तुपाची बरणीसुद्धा, अर्धी उरली आहे. आई, यात तुझा काही दोष नाही. पुढचं वाचून स्वतःला लावून घेऊ नकोस आणि फोनवर रडू नकोस.

कलम ३. हे कलम वाटणीचं नाही, पण याच्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मागच्या हिवाळ्यात माझी बस चुकली म्हणून मी त्या बेकरीत शिरलो. काउंटरवर कातेरीना होती. पुढच्या बसही मी चुकवल्या, त्या मुद्दाम. वसंतापर्यंत कॉलेज सुटलं आणि मी आत भट्टीशी कामाला लागलो. बेकरी तिच्या वडिलांची, पण चालते तिच्या आजीच्या धाकाने. आजीला ते याया म्हणतात. यायाने मला कणीक मळताना बघितलं आणि कातेरीनाला ग्रीकमध्ये काहीतरी सांगितलं. मी विचारलं, काय म्हणाली? कातेरीना म्हणाली, "हात बरे आहेत, डोकं गरम आहे." हे पहिल्याच दिवशी.

यंदा दुकानाला नाताळसाठी काहीतरी नवं हवं होतं. जुनी गिऱ्हाइकं म्हातारी झाली, विद्यार्थी फिरकत नाहीत. मी म्हटलं, मेलोमाकारोनाला जरा सणाचे कपडे घालू. पाकात मधाच्या जोडीला गूळ, सुंठ आणि जायफळ. वर अक्रोडाऐवजी हिरवा पिस्ता आणि लाल क्रॅनबेरी. यायाने पहिला घाणा पाहिला आणि म्हणाली, "बिस्किट आहे की ख्रिसमसचं झाड?" पण खाल्लं. दुसरंही खाल्लं. मला वाटलं, आता याहून भारी काय करता येईल?

याया नाताळच्या आधीचे कितीतरी आठवडे उपास धरते. मेलोमाकारोना हा त्या उपासाला चालणारा पदार्थ, हे मला माहीत होतं. म्हणून मी आईला फोन करून विचारलं, उपासाच्या बिस्किटात तूप चालेल ना? आई म्हणाली, "अरे, तूप कुठल्या उपासाला चालत नाही?"

बरोबरच आहे. आमच्या घरी चतुर्थीची खिचडी तुपातच होते. तेल काढलं, तूप घातलं. यायाने ते खाल्लं आणि डोळे मिटले. सगळ्यांना बोलावून चाखायला लावलं. मग विचारलं, यात काय आहे? मी अभिमानाने सांगितलं.

तिने रुमालाने ओठ पुसले, कोट घातला आणि घरी गेली. त्यांच्या उपासाला दूध, लोणी, तूप, अंडं, काही म्हणजे काही चालत नाही. ऑलिव्हचं तेल उगीच नव्हतं.

कातेरीना म्हणाली, "विचारायचं तरी होतंस."

"विचारलं होतं."

"कुणाला?"

"माझ्या आईला."

"उपास तुझ्या आईचा होता का?"

यावर गप्प बसणारा माणूस वेगळा. मी म्हणालो, "चमचाभर तुपाचासुद्धा हिशेब ठेवतो का तुमचा देव?" आणि एप्रन पिठाच्या पिंपात फेकून बाहेर पडलो. बर्फ पडत होतं. जॅकेट आतच राहिलं होतं, पण परत फिरलो नाही. त्यानंतर तिने माझा एकही फोन उचललेला नाही.

कलम ४. नाताळच्या मेलोमाकारोनाची माझी कृती कातेरीनाला मिळावी. तेल ऑलिव्हचंच. गूळ चिरून घ्यावा, किसू नये. जायफळ ताजं किसावं, डब्यातली पूड वापरली तर मी जिथे असेन तिथून भांडायला येईन. तुपातला प्रकारही तिचाच, पण तो पंचवीस तारखेपासून विकावा, उपास सुटल्यावर, त्याआधी नाही. ही अट मला त्याच दिवशी सुचायला हवी होती.

कलम ५. यायाला मी काहीच ठेवत नाही. तिला देण्यासारखं माझ्याजवळ काही नाही. तूप घातल्याचं मला वाईट वाटत नाही, मला खरंच ठाऊक नव्हतं. देवावरचं ते वाक्य मात्र मी परत घेतो. मृत्युपत्रात वाक्य परत घेता येतं की नाही मला माहीत नाही. घेतो.

कलम ६. वर ज्याचा उल्लेख राहून गेला असं जे काही माझं आहे आणि पुढे होईल, ते सगळं कातेरीनाला. हे मी तिला इंग्रजीत सांगू शकलो नाही, दोन-तीनदा तोंडाशी आलं आणि मी हवामानाबद्दल बोललो. म्हणून हे मृत्युपत्र मराठीत आहे. तिला वाचता येणार नाही अशा भाषेत मला नीट लिहिता येतं.

पुरवणी, त्याच दिवशी. येथवर लिहून मी औषध आणायला खाली गेलो होतो. तेवढ्यात कुशने कागद वाचले, कातेरीनाला फोन केला आणि पाचवं कलम तिला इंग्रजीत ऐकवलं. मी परत आलो तर म्हणाला, "एक साक्षीदार मी. दुसरा येतोय." मी त्याला बरंच काही बोललो, ते इथे लिहीत नाही. तो म्हणाला, "शिव्या नंतर दे यार, आधी खोली आवर."

दार वाजलं. कातेरीना होती आणि तिच्या हाताला धरून याया, टोपीवर बर्फ. यायाने खोली पाहिली, मला पाहिलं आणि मोडक्या इंग्रजीत म्हणाली, "हिशेब देव नाही ठेवत. मी ठेवते. उपास माझा आहे."

मी म्हटलं, "हो, याया."

"पंचवीस तारखेला तुपातला कर. मी खाणार." मग ती कोट न काढता पलंगावर बसली.

कातेरीना माझ्याशी अजून बोललेली नव्हती. कुशने तिच्यापुढे कागद आणि पेन ठेवलं आणि लगेच म्हणाला, "एक अडचण आहे. ज्याला मृत्युपत्रात काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये. तुला सही करायची असेल तर तुझी कलमं काढावी लागतील." मी म्हटलं, काढा. ती सही करतेय तेवढं पुरे, मी पुन्हा लिहून काढतो.

कातेरीनाने विचारलं, "त्या कलमांत काय आहे?"

मी नको म्हणत होतो. कुशने वाचलं. आधी चौथं, मग सहावं, सावकाश, शब्द शोधत. हवामानाचं वाक्यसुद्धा त्याने सोडलं नाही. मी खिडकीकडे तोंड करून उभा होतो. त्याचं वाचून झालं. मग तिने पेनाला टोपण लावलं.

"मी सही करणार नाही," ती म्हणाली. "काहीही काढायचं नाही." आणि माझ्याकडे वळून, "परवा किती वाजता निघायचं?"

सहा वाजता, मी म्हटलं.

यायाने पेन मागून घेतलं.

वरील सर्व मजकूर माझ्या हातचा असून मला मान्य आहे. एकही कलम काढलेलं नाही.

लिहून ठेवणार: वेद प्रल्हाद चांदोरकर

साक्षीदार पहिला: कुश अनिल देवधर. याला काही मिळत नाही, सायकल मागत होता.

साक्षीदार दुसरी: देस्पिना मानोलाकिस, कातेरीनाची आजी. सही ग्रीक अक्षरांत, पलंगावर बसून, मांडीवर कागद ठेवून केली.

स्थळ: ॲन आर्बर, मिशिगन
दिनांक: १७ डिसेंबर २०२४