'जा' दाबायचं राहिलं

कोल्हापूर,
एप्रिल २००३

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

अमरेश भाऊजींना मल्लव्वा वहिनीकडून. (आशीर्वाद लिहावा तर तुम्ही इंजिनिअर, नमस्कार लिहावा तर वयानं धाकटे. निम्मा निम्मा घ्यावा.) सुष्मिताची कंबर कशी आहे? पुण्याच्या जिन्यांना औषध नाही, तरी तिळाचं तेल लावत जा म्हणावं. सौंदर्याचे दुधाचे दात पडले का? मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण ते तुमचे आण्णा होते तेव्हाही कुरकुरत होते, ते त्यांच्या जाण्यावर घालत नाही.

आण्णांच्या जागी खत-बियाणे संघानं मला घेतलं, आणि तुम्ही संघाला साठ्याचा प्रोग्राम करून दिलात, तोही मराठीत, म्हणून माझं निभावतंय. पण महिन्यापूर्वी सुरू झाल्यापासून त्या प्रोग्रामनं आमची झोप घालवली. गडहिंग्लज शाखेतली सलिमा फोनच्या तारेवरून आमच्या इथल्या मोठ्या कॉम्प्युटरात शिरते आणि किती पोती गेली ते भरते, हे तुम्हाला माहीत आहेच. सोमवार ते गुरुवार ती सुखानं शिरायची. शुक्रवारी तिचा फोन यायचा, "अक्का, मशीन आत घेईना झालंय बघा."

मग उपाय सुरू झाले. टेलिफोनवाल्यानं तार बदलली. मोडेम शालीत गुंडाळून शिपायाच्या मांडीवर एसटीनं गडहिंग्लजला गेला, तसाच परत आला. (गाडीत शेजारची बाई विचारत होती म्हणे, किती महिन्यांचं?) सलिमानं इतके पासवर्ड बदलले की माहेरची नावं संपून शेजाऱ्यांची लागली. गुंडू शिपायानं मोठ्या कॉम्प्युटरवरून लिंबू उतरून टाकलं. आमचे मॅनेजर सयाजीसाहेब मात्र भलत्याच ठिकाणी पोचले. "शुक्रवारीच कसं काय बिघडतंय ओ?" असं त्यांनी फोनवर विचारलं. सलिमाही ऐकून घेणारी नव्हे. "साहेब, मी नमाजाला न्हाय, सकाळधरनं पासवर्डला बसलोय." साहेबांना ते झोंबलं. येत्या शुक्रवारी असंच झालं तर घरी बसा, असं त्यांनी तिला लेखी कळवलं. तिच्या घरात मिळवती ती एकटीच आहे.

त्या शुक्रवारी मी साहेबांच्या मागे लागून कॉम्प्युटरच्या दुकानातल्या खिजरला बोलावलं. त्यानं आत कोण कोण आहे ते पडद्यावर काढलं आणि हसायलाच लागला. "मावशी, आत पाच जणांची जागा हाय, आन् पाचीच्या पाची तुम्हीच बसलाय की."

झालं होतं असं. तुम्ही प्रोग्रामात शिरायला 'या' ठेवलंय आणि निघायला 'जा'. मी 'या' रोज दाबायची. 'जा' कधीच दाबलं नाही, नुसतं मशीन बंद करून घरी यायची. म्हणजे मी घरी पोळ्या लाटत असायची आणि एक मल्लव्वा आत बसून राहायची. दर शनिवारी गुंडू धूळ झाडायला मोठा कॉम्प्युटर बंद करतो, तेव्हा त्या सगळ्या बाहेर पडायच्या. सोमवारपासून पुन्हा रोज एक. शुक्रवारी पाचवी मी, आणि सलिमा दारात.

का दाबलं नाही, असं साहेबांनी चारचौघांत विचारलं. वाचनालयातून कॉम्प्युटरचं पुस्तक आणून मी दोनदा वाचलंय, त्यामुळे माहीत नव्हतं असंही म्हणता येईना. तुम्हाला सांगते. आण्णा रोज 'येतो' म्हणून निघायचे. त्या दिवशी गडहिंग्लजची गाडी चुकेल म्हणून चपला घालता घालता 'जातो' म्हणाले. माझं लक्ष उतू जाणाऱ्या दुधावर. एरवी मी हटकलं असतं, आणि ते दारातनं मागं वळून 'येतो, बाई, येतो' म्हणाले असते. दूध तेवढं वाचलं. तेव्हापासून तो शब्द माझ्या हातून होत नाही, मग तो बटणाचा का असेना.

सलिमाची नोकरी राहिली. ती माझ्यावर रागावली नाही, याचंच जास्त वाईट वाटतं. आता संध्याकाळी मी तोंड फिरवते आणि गुंडू येऊन 'जा' दाबतो. दाबून झालं की "गेल्या" म्हणतो. त्याला तेवढं बोलू नको म्हटलंय.

सर्वांना यथायोग्य सांगावे.

तुमची वहिनी,
मल्लव्वा

ता. क. : पत्राचं कारण लिहायचं राहिलं. गुंडू जोतिबाच्या यात्रेला रजा टाकतोय. तो नसला तर मी पुन्हा आत बसणार आणि सलिमा बाहेर. तेवढा 'जा' काढून तिथं 'येते' करून द्याल का?

ता. क. दुसरा : पाकीट चिकटवलं होतं, ते फोडलं. आज गुंडू नव्हता. संध्याकाळी सलिमाचा फोन आला, "अक्का, दाबलासा न्हवं?" मी व्हय म्हणाले, आणि खोटं ठरू नये म्हणून दाबलं. तोंडानं 'येते' म्हटलं, शेजारी कुणी नव्हतं. मला वाटलं होतं, पडदा काळा होईल. झाला नाही. सकाळी असतो तोच तुमचा 'या' तिथं येऊन थांबला. मी पिशवी घेऊन उभी होते, ती पुन्हा खुर्चीत बसले. शब्द बदलू नका. पण भाऊजी, 'जा'च्या मागं 'या' ठेवलाय हे तुम्हाला ठाऊक होतं. आधी सांगायचं की.