चावी माझ्याकडेच आहे

२६ जून २००७
शाळा उघडली. रंजिता मॅडम नव्या मुख्याध्यापिका. पहिल्याच मीटिंगमध्ये म्हणाल्या, दोन चार्ज मोकळे आहेत, एक खिचडीचा, एक ग्रंथालयाचा. मॅडमचा ग्रंथालय शब्द पूर्ण व्हायच्या आत मी हात वर केला. खिचडी म्हणजे रोज तांदूळ मोजा, पोरांच्या आधी चव घ्या आणि दिवसभर रुक्माबाईचं ऐका. ती खिचडी रांधते आणि बोलते, दोन्ही एकाच आचेवर. आपल्याला ॲसिडिटी आहे.

मॅडमनी अट घातली. जानेवारीत केंद्रप्रमुख तपासणीला येतील, तोवर पोरं पुस्तकं वाचताना दिसली पाहिजेत. नाही दिसली तर चार्ज बदलणार. म्हणजे खिचडी माझ्या गळ्यात. म्हटलं मॅडम, निश्चिंत राहा, जानेवारीत पोरं साहेबाला पाणी प्यायलासुद्धा वेळ देणार नाहीत.

संकल्प: वाचनात आमची टोल्यावरची, एवढ्याशा वस्तीची शाळा जिल्ह्यात पहिली.

२ जुलै
धोरण ठरलं. आधी मी वाचणार, पुस्तक बरोबर आहे का पाहणार, मग पोरांना देणार. आजकाल कोणत्या पुस्तकात काय लिहिलं असेल, भरवसा नाही. दोनशेच्या वर पुस्तकं आहेत, पण बारीकच आहेत. रोज दोन धरली तरी दसऱ्याच्या आत फडशा.

सुरुवात हत्तीच्या पुस्तकापासून. राजाचा लाडका हत्ती चोरीला जातो. चोर कोण? पान नऊपर्यंत आलो. काय रंगवलंय! मग डोळा लागला.

११ जुलै
गुड्डू म्हणून चौथीतला एक पोरगा आहे. नाक पुसत रोज येतो. गुरुजी, बुक देता का. त्याला धोरण समजावून सांगितलं: आधी मी वाचतो, बरोबर आहे का पाहतो, मग तुले देतो. तो म्हणे, मग तुमचं कवा होते वाचून? पोरं फार आगाऊ झाली आहेत.

ग्रंथालयाचं कपाट लाकडी, दणकट. फक्त मागची बाजू प्लायची. खोलीला एकच खिडकी, तिला पल्ला नाही, नुसते गज. पलीकडे खिचडीचं शेड. धूर येतो, पोरं डोकावतात. कपाट ओढत नेलं आणि खिडकीला पाठ लावून उभं केलं. धूर बंद, डोकावणं बंद. कुलूप नवीन घातलं. चावी वरच्या खिशात, खिशाला सेफ्टी पिन.

१४ ऑगस्ट
'ग्रंथालय वार्ता' हे भित्तिपत्रक सुरू केलं. व्हरांड्यात, कार्डशीटवर, माझ्या स्वतःच्या अक्षरात. ठळक बातमी: वाचन सप्ताह थाटात संपन्न, पुस्तकांवर बालवाचकांची झुंबड. खाली: ग्रंथालय प्रमुख श्री. भोजराज गुरुजी यांचे प्रेरक मार्गदर्शन. सप्ताह अजून व्हायचा आहे. पण स्केचपेन हातात होता आणि मूड होता. बातमी तयार असली की कार्यक्रमाला वेळ लागत नाही.

मॅडमनी वाचलं. हा सप्ताह कवा झाला म्हणे. म्हटलं, होऊन राहिला मॅडम.

१७ सप्टेंबर
सप्ताह पुढे ढकलला. पोळा झाला, आता गणपती. सणासुदीत पोरांच्या डोक्यावर पुस्तकं लादणं मला पटत नाही.
हत्ती: पान नऊ. मागचं विसरलो होतो म्हणून पुन्हा पहिल्यापासून घेतलं.

८ ऑक्टोबर
सगळ्या पुस्तकांना खाकी कव्हरं घातली. चार दिवस गेले. आता कोणतं कोणतं ते ओळखू येत नाही, पण शिस्त दिसते. गुड्डू दारात उभा. बुक देता का. म्हटलं, कव्हराचा डिंक वाळू दे.

१९ ऑक्टोबर
जागेश्वर आला होता. दिवाळीनंतर गावची मंडई, म्हणजे जत्रा भरते, त्या रात्रीचं नाटक दरवर्षी तोच बसवतो. यंदा प्रधानाचं काम मला द्यायचं त्याच्या मनात आहे. शेवटी माणसाला माणूस ओळखू येतो. फक्त राजवाड्याच्या भिंतीसाठी मोठी प्लाय पाहिजे म्हणे, कुठं आहे का. मला एकदम कपाटाची पाठ आठवली.

त्याने घटकाभरात खिळे उपसले. धूळ जाऊ नये म्हणून प्लायच्या जागी तांदळाच्या पोत्याचा बारदाना वरच्या बाजूने ठोकून दिला आणि कपाट पुन्हा खिडकीला टेकवलं. पुढून काहीच फरक कळत नाही. मंडई झाली की प्लाय परत बसवायची. लक्षात ठेवणे. महत्त्वाचं.

१५ नोव्हेंबर
काल मंडई झाली. प्रधान जागेश्वरचा साळा झाला. मी पहारेकरी. एकच वाक्य: महाराज, प्रधानजी येऊन राहिले. ऐन वेळी प्रधानच माझ्याआधी येऊन बसला. तरी मी वाक्य सोडलं नाही. पब्लिक पोट धरून हसलं. दाद म्हणतात ती हीच. घरी आल्यावर फुलवंता म्हणे, तुमच्यापक्षा तुमची प्लाय चांगली दिसून राहिली होती. बायकोला कलेतलं काही कळत नाही, कधी कळलं नाही.

प्लाय दुसऱ्या गावच्या मंडईला गेली. येईल.

२८ नोव्हेंबर
दिवाळीची सुटी संपली. हत्तीचं पुस्तक घरून परत आणलं. फुलवंता ते दुधाच्या गंजावर झाकण म्हणून ठेवत होती, हद्द झाली. कपाटात वरच्या फळीवर ठेवून दिलं. कुलूप दोनदा ओढून पाहिलं. एकदम मजबूत.
संकल्प: डिसेंबरपासून रोज चार पुस्तकं.

७ डिसेंबर
कपाट उघडलं. फळ्यांवर जागोजागी चिंचोके! तीन-चार गोट्या. एक फुटकी बांगडी. म्हणजे उंदरं झाली. उंदीर चिंचोके आणतो हे मी समजू शकतो, गोट्या कायले आणते? पुस्तकंही जरा विरळ वाटली. कव्हर घातलं की पुस्तक दबतं, जागा कमी घेतं. घरून पिंजरा आणून खोबऱ्याचा तुकडा लावून ठेवला.

१० डिसेंबर
पिंजऱ्यातलं खोबरं गायब. उंदीर नाही. खोबऱ्याच्या जागी एक चिंचोका ठेवलेला. इतका प्रामाणिक उंदीर मी आजवर पाहिला नाही.

१४ डिसेंबर
आज रिंकीने वर्गात गोष्ट सांगितली. रिंकी म्हणजे गुड्डूच्याच वर्गातली, दोन वेण्यांची, कोणाला न घाबरणारी. बोलक्या भोपळ्याची गोष्ट होती, चांगलीच रंगवली. कुठं ऐकली विचारलं तर म्हणे बुकात. म्हटलं, कोणत्या बुकात? सगळा वर्ग वर पंख्याकडे पाहायला लागला. लाइन नव्हती, पंखा बंद होता.

मी समजलो. हा 'ग्रंथालय वार्ते'चा परिणाम. एकदा वातावरण तयार झालं की ज्ञान आपोआप झिरपते. ताजी बातमी लावली: ग्रंथालयाच्या केवळ अस्तित्वाने विद्यार्थी कथाकथनात अग्रेसर.

दुपारी रुक्माबाई तक्रार घेऊन आली. गुरुजी, तुमच्या कपाटाच्या मांगं पोराईची लय गर्दी राहते जी, माह्या बटाट्याच्या टोपलीवर पाय देऊन चढतेत. म्हटलं, बाई, तुमच्या खिचडीच्या वासाने येतात, त्यात कपाटाचा काय दोष. तिने मला एकदा वरून खालपर्यंत पाहिलं. मग म्हणे, बरं.

२२ डिसेंबर
हत्तीचं पुस्तक वरच्या फळीवर नाही. म्हणजे मी आणलंच नव्हतं. म्हणजे घरीच आहे. फुलवंताला विचारलं, आता कशावर झाकण ठेवलंस. तिने सगळे गंज उघडून दाखवले. त्यानंतर बोलत नाही. जेवायला वाढते, पण ताट असं आपटते की भात उडून येतो.

५ जानेवारी २००८
तपासणी १८ तारखेला. मॅडमनी बोलावून विचारलं, आजपर्यंत किती पुस्तकं वाटली. म्हटलं, मॅडम, पाया घालून राहिलो. त्या म्हणाल्या, रुक्माबाईने तुमच्यासाठी पाट धुऊन ठेवला आहे. लगेच एक गोळी घेतली, ॲसिडिटीची.

प्लॅन तयार आहे. निवडक पोरांच्या हातात खाकी पुस्तकं द्यायची आणि एक वाक्य पाठ करून घ्यायचं: आम्हाला वाचनाची गोडी भोजराज गुरुजींनी लावली. गुड्डू म्हणे, खोटं कायले बोलायचं जी? त्याला निवडक पोरांतून काढलं.

१८ जानेवारी
लिहायची इच्छा नाही. पण लिहितो.

केंद्रप्रमुख केशोराव साहेब अकराला आले. चहा, बिस्किट, वार्ता वाचून झाली. साहेब म्हणाले, सप्ताह पाच महिन्यांपासून थाटात संपन्न आहे, वा. मग कपाट दाखवा म्हणाले. मी सेफ्टी पिन सोडली, चावी काढली, सगळ्यांना एक पाऊल मागे सरकायला सांगितलं आणि दोन्ही दारं एकदम उघडली.

आतून ऊन आलं. बारदाना वर उचललेला. कपाटातून खिचडीचं शेड दिसत होतं, चुलीपाशी रुक्माबाई दिसत होती, आणि मधल्या फळीवर गजांतून आत आलेला रिंकीचा हात. हातात चिंचोका. तिने तो फळीवर ठेवला, पुस्तक उचललं, मान वर केली, आणि आम्ही दोघं कपाटातून एकमेकांना पाहत राहिलो. ती म्हणे, नमस्ते गुरुजी.

प्लाय! जागेश्वरची प्लाय! कप्पाळ माझं.

निम्म्या फळ्या रिकाम्या. पुस्तकांच्या जागी चिंचोके. साहेबांनी सगळ्या पोरांना आत बोलावलं. रिंकीने सांगून टाकलं. मंडई झाल्यावर गुड्डूचा बॉल खिडकीपाशी गेला, बारदाना हलला, तवापासून चालू आहे. बुक न्यायचं, त्या जागी आपली वस्तू ठेवायची, म्हणजे परत कुठं लावायचं ते समजते. मी विचारलं, पिंजऱ्यातलं खोबरं? गुड्डू म्हणे, त्याच्याही बदल्यात ठेवला होता जी.

साहेब खूश झाले. भोपळ्याची गोष्ट ऐकली, आणखी चार ऐकल्या. दुसरीतली पोरंसुद्धा बोलायला लागली. साहेबांना खरंच पाणी प्यायला वेळ मिळाला नाही. ही खुली योजना कोणाची म्हणाले. मी घसा साफ केला. योजना तशी माझीच. प्लाय मी दिली नसती तर?

तेवढ्यात साहेब म्हणाले, गुरुजी, तुम्हाला स्वतःला कोणतं पुस्तक आवडलं? म्हटलं, हत्तीचं. मग सांगा, हत्ती कोणी चोरला होता? सगळी पोरं माझ्याकडे पाहायला लागली. मी म्हटलं, प्रधानाने.

मंडईतसुद्धा इतका हशा झाला नव्हता. मॅडमसुद्धा हसल्या. पहिलीतलं एक पोर हसता हसता खाली बसलं. फार लागलं मनाला. खोटं कशाला लिहू.

जाताना साहेब मॅडमना म्हणाले, कपाट आहे तसंच राहू द्या, चार्ज चौथीच्या पोरांकडे द्या. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मग शेडकडे बोट केलं.

२१ जानेवारी
खिचडी, दिवस पहिला. तांदूळ मोजले, चव घेतली. रुक्माबाई म्हणे, आधी तुमी खा, बराबर आहे का पाहा, मंग पोराईले देतो. कुठून शिकली कोण जाणे.

गोळ्या दोन.

इथे पाटावर बसलं की गजांतून कपाट समोरच दिसतं. पोरं येतात, हात घालतात, जातात. कोणी मला विचारत नाही. एकाने तर माझ्या गुडघ्यावर पाय देऊन पुस्तक काढलं. सॉरी गुरुजी म्हणाला, एवढं मात्र खरं.

घरी फुलवंताला सांगितलं, हत्ती पोरांकडे होता, तुझी चूक नव्हती. ती म्हणे, मले मालूम होतं. बोलायला लागली हे चांगलं झालं.

२४ जानेवारी
चोर कोण, हे डोक्यातून जात नाही. मावशी असेल? राजाला मावशी होती का? शेवटी गुड्डूला विचारलं. पुस्तक सध्या त्याच्याचकडे आहे, दुसऱ्यांदा वाचतो आहे. सांगत नाही. म्हणे, आधी मी वाचतो, बराबर आहे का पाहतो, मग तुमाले देतो. म्हटलं, अरे मग तुझं कधी होते वाचून? आणि बोललो ते मलाच ऐकू आलं.

माझा नंबर गुड्डूनंतर, त्याच्या लहान बहिणीनंतर.

२ फेब्रुवारी
आज नंबर लागला. खिचडी वाटून झाल्यावर हात धुतले आणि गजांपाशी रांगेत उभा राहिलो. पुढे सगळी कमरेएवढी पोरं. रुक्माबाई पाहत होती, पाहू दे.

खोलीच्या बाजूने रिंकीने कपाटाची दारं उघडून ठेवली होती. हत्तीचं पुस्तक काढून दाखवलं, पण सोडेना. म्हणे, बदल्यात काही ठेवा ना जी गुरुजी. खिसे चाचपले. चिंचोका नाही, गोटी नाही, गोळ्यांचं पाकीट रिकामं. मग वरच्या खिशाची सेफ्टी पिन सोडली आणि चावी काढून दिली.

तिने उलटसुलट करून पाहिली. कायची आहे म्हणे. म्हटलं, याच कपाटाची.

ती म्हणे, चालते. आणि हत्तीच्या जागी ठेवून दिली.