पहाटे गप्प राहणारी गाडी

दि. ९ डिसेंबर

चि. छोट्यास,
अनेक आशीर्वाद. आम्ही बरे आहोत. तूही असशील असं धरून चालते, कारण तू काही स्वतःहून कळवणाऱ्यातला नाहीस.

बाबांची गाडी बिघडली आहे. खरंच बिघडली आहे की मला कोणी बनवतंय, हे तू सांगायचंस. इंजिन सुरू केलं की एका बाजूने, पट्ट्याच्या झाकणाआडून, डब्यात खडे हलवावेत तसा खडखडाट होतो. दोनेक मिनिटांत बंद. मिस्त्रीकडे नेली तर तिथे पोचेपर्यंत चिडीचूप. तो म्हणाला, ठेवून जा, बघतो. त्याचं ते गोड हसणं मला मुळीच आवडलं नाही.

पुढे तर कहरच आहे. इस्पितळाच्या स्वयंपाकघरात माझी पहाटेची ड्युटी असते, त्या दिवशी गाडी हूं की चूं करत नाही. सुट्टीच्या दिवशी दहाला, चांगलं ऊन पडल्यावर काढली की हमखास ओरडते. गारठ्यात गप्प आणि उन्हात ओरड, असं कुठे असतं का? हे म्हणतात, रस्त्यात दगा देण्याआधी विकून टाकू. ह्यांना एवढी घाई का, तेही मला कळत नाही.

बाबांना हल्ली सकाळी चक्कर येते, डोकं धरतं. परवा तर ओकारी झाली, नेमकी मी ड्युटीवर असताना. डॉक्टरांना काही सापडत नाही. वय झालं म्हणाले, एकटं ठेवू नका. आम्ही दोघं दिवसभर बाहेर, म्हणून ह्यांनी एका वृद्धाश्रमात चौकशी केली आहे. मी अजून हो म्हटलेलं नाही. बाबा ऐकून न ऐकल्यासारखं करतात.

लोभ आहेच, उत्तरही असू दे.
तुझी,
ताई

दि. १७ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मिस्त्रीला चोर ठरवण्याआधी एक संधी दे. गाडी रात्रभर त्याच्याकडे ठेव आणि सकाळी, गार असताना, त्यालाच सुरू करायला सांग. बाहेरचा पट्टा उतरवून क्षणभर चालवली आणि तरी खडखड झाली, तर दोष आत, टायमिंग बेल्टपाशी. बहुतेक बेल्टला ताण देणारी पुली सैल झाली असेल. इंजिन तापलं की धातू फुगतो, बेल्ट ताणला जातो आणि आवाज थांबतो. थांबला म्हणजे बरा झाला असं नव्हे. बेल्ट तुटला तर इंजिनाचं वाटोळं होईल.

बाकी इंजिनाला तुझ्यासारखे रुसवे-फुगवे नसतात. पहाटे गप्प असेल तर ते गार नाही, एवढाच अर्थ. पुढच्या ड्युटीला किल्ली फिरवण्याआधी बॉनेटवर हात ठेवून बघ.

वृद्धाश्रमाचं मला पटत नाही. पण इतक्या लांबून नाही म्हणायला काय जातं, हेही समजतं. मला मार्चशिवाय रजा नाही. तोवर घाईने काही ठरवू नकोस, एवढी विनंती.

भावजींना नमस्कार. माझ्यावरची माया आणि त्यांच्यावरचा राग, दोन्ही बेताने असू दे.
तुझा,
छोट्या

दि. २८ डिसेंबर

चि. छोट्यास,
अनेक आशीर्वाद.

मिस्त्री सुटला. त्याच्या अंगणात, दवाने भिजलेल्या गाडीने माझ्यासमोर आवाज केला. पुली सैलच निघाली. सुटे भाग यायचे आहेत, तोवर लांब नेऊ नका म्हणाला.

आता दुसरं ऐक. परवा पहाटे बॉनेटवर हात ठेवला. ऊन ऊन! शटर आतून बंद, आणि गॅरेजमध्ये धुराचा वास. काट्याकडे लक्ष ठेवलं, तर रात्रीतून पेट्रोल उतरतंय आणि किलोमीटरचा आकडा जागचा हललेला नाही. एक किल्ली माझ्याकडे, दुसरी स्वयंपाकघरातल्या खिळ्याला. गॅरेजमध्ये उतरायचा जिना तिथूनच. म्हणजे घरातलंच माणूस.

माझा संशय ह्यांच्यावर आहे. कधी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत पायी न गेलेला माणूस माझ्या ड्युटीच्या दिवशी अंधारात बूट चढवून फिरायला जातो! गिऱ्हाईक आणून परस्पर गाडी दाखवत असतील. मी त्यांचा शर्ट हुंगून पाहिला. नुसता साबणाचा वास आला, त्याने तर संशय वाढलाच.

त्याच सकाळी बाबा जिन्यात कोसळले. कठड्याला धरलं म्हणून वाचले. छोट्या, माझा धीर सुटत चालला आहे. वृद्धाश्रमात जानेवारीअखेरीस खोली रिकामी होते आहे, आणि बहुतेक मी हो म्हणेन. मला वाईट म्हणू नकोस.

तुझी,
ताई

दि. ४ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आज मिळालं आणि तसाच फोनकडे धावलो. तू सापडली नाहीस. ज्यांचा शर्ट तू हुंगलास ते सापडले. त्यांना सांगितलं, आधी घरी जा, खिळ्यावरची किल्ली काढा आणि गॅरेजचं शटर उघडं ठेवा. ते तसेच ऑफिसातून निघाले.

कारण लिहितो. पेट्रोल जळतं, इंजिन तापतं, पण गाडी हलत नाही. म्हणजे बंद शटरआड कोणीतरी ती नुसती चालू ठेवतं, आणि धुराला जायला वाट नाही. आता आठव, बाबांना चक्कर कोणत्या दिवशी येते? तुझ्या पत्रांत दोन्ही वेळा तुझी ड्युटी होती. ताई, हे वय नाही, हा धूर आहे. डॉक्टरांना सगळं सांग, रक्त तपासायला लाव.

डेपोत पहिल्या फेरीआधी बस तापवायची सवय बाबांना जन्मभर होती. पण ती शेड चारी बाजूंनी उघडी होती. घरी ते हे का करतात, मला कळत नाही. मनात एक वाईट शंका आली आहे, ती लिहीत नाही. तू त्यांच्याजवळ बसून विचार. मला फार भीती वाटते आहे.

तुझा,
छोट्या

दि. १२ जानेवारी

चि. छोट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुला शाबासकी द्यावी की शिव्या, हे ठरत नव्हतं, म्हणून उशीर झाला. जावईबापू ऑफिसातून धापा टाकत आले, किल्ली खिशात घातली आणि माझ्यावर पहारा करत बसले. तुझी ताई हात धरून रडली. तुम्हाला जी शंका आली ती मनातून काढून टाका, तसलं काही नव्हतं. त्याच दिवशी रक्त तपासलं, धूरच निघाला. तेव्हापासून चक्कर नाही.

झालं असं, की आवाज ऐकला आणि जेवता जेवता जावईबापूंनी गाडी विकायला काढली. मग मी ताईच्या आधी उठून ती तापवू लागलो. तिला आवाज ऐकू आला नाही की विषय मागे पडेल, असा हिशोब. शटर लावलं ते वर झोपलेल्यांना कळू नये म्हणून. सुट्टीच्या दिवशी जावईबापू स्वयंपाकघरात पेपर पसरून बसतात, त्यामुळे जिना उतरता येत नसे. तिथेच डाव फसला. जन्मभर बस चालवली आणि धुराचं डोक्यात आलं नाही, मला माझाच राग येतो.

एवढा खटाटोप कशाला, असं ताईने विचारलं. तिच्या तोंडावर सांगता आलं नाही, तुला लिहितो. माझे गुडघेही सकाळी गार असताना असेच वाजतात. थोडं चाललं की गप्प होतात. म्हणून रोज दार लावून खोलीतल्या खोलीत फेऱ्या मारतो आणि मगच चहाला बाहेर येतो. एका आवाजावरून गाडी जायला निघाली, तेव्हा आपला आवाज तरी कोणाच्या कानी जाऊ नये, असं वाटलं.

मिस्त्रीने नवी पुली, नवा बेल्ट बसवला. गाडी आता गारठ्यातही कुरकुरत नाही. मला मात्र कोणी सुटे भाग देत नाही. मार्चमध्ये ये.

तुझे,
बाबा

ता. क. बाबांनी पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलं, पाकीट न चिकटवता. मी वाचलं. वृद्धाश्रमाला नको म्हणून कळवलं आहे, आणि ते माझ्याआधी ह्यांनीच सुचवलं. हे खरंच फिरायला जात होते, पोट कमी करायला. मी हसेन म्हणून लपवलं म्हणे. मी हसलेच, आणि मग त्या शर्टाची आठवण होऊन लाजले.

आज ड्युटी नव्हती, तरी पहाटे उठले. बाबांच्या खोलीत फेऱ्या नुकत्या सुरू झाल्या होत्या. दार वाजवून म्हटलं, आधी चहा, फेऱ्या मग.  ते तसेच बाहेर आले, आणि त्यांचे गुडघे वाजताना मी आज पहिल्यांदा ऐकले. मी कप मांडत राहिले, ते खुर्चीपर्यंत वाजत आले.
ताई