तांदळाएवढा फरक

योंग्दो, बुसान
गुरुवार, ११ नोव्हेंबर १९९३

प्रिय ग्यु-चोल दादा यास,

सुन-दोकचा नमस्कार. इकडे थंडी सुरू झाली आहे. जहाजावर तू आणि तुझे सोबती सुखरूप असाल अशी आशा करते.

कळवायला फार वाईट वाटते, पण आईची प्रकृती अचानक बिघडली असून तिला दवाखान्यात ठेवले आहे. जवळच्या माणसांना बोलावून घ्या, असे डॉक्टर म्हणाले. ती सारखे तुझे नाव घेते. कप्तानसाहेबांना विनंती करून मिळेल त्या विमानाने निघून ये. उशीर करू नकोस.

तुझी बहीण,
सुन-दोक


दादा,

आई ठणठणीत आहे. आत्ता माझ्या पाठीमागे बसून मुळे चिरतेय आणि "पायमोजे घाल म्हणून लिही त्याला" असं ओरडतेय. ती ओरडते म्हणजे नुसतं बोलते, हे तुला माहीत आहेच. जहाजांच्या पत्र्यावर हातोडी मारून गंज काढण्यात जिचा जन्म गेला, तिला स्वतःचा आवाज कसा ऐकू यावा?

वरचा कागद कप्तानाला दाखवायचा. तो आईनेच सांगितला, शब्द न् शब्द. मी म्हटलं, "आई, असलं अभद्र लिहू नये." तर म्हणाली, "मी मरतेय असं लिहिल्याने मी मरत नाही. लिही तू. डॉक्टरपण घाल त्यात." हा दुसरा कागद फक्त तुझा. वाच आणि चुलीत टाक. कोणालाही दाखवू नकोस. नाही, एका माणसाला दाखव, पण ते शेवटी सांगते.

तुला वाटत असेल मी अजून सोक्चोलाच माकूळ वाळत घालतेय. ते कधीच सोडलं. तिथे एक तीन पायांचा कुत्रा होता, तो रोज एकच माकूळ पळवायचा, एकच, दुसऱ्याला तोंड लावायचा नाही. मालकिणीने त्याला मारलं म्हणून मी भांडले आणि निघाले. मग पोहांग, मग उल्सान, आणि फिरून पुन्हा इथेच. आई म्हणते डोंगरावरच्या आजीने, बेटाच्या देवीने, ओढून आणलं. बेट सोडून जाणाऱ्याला ती आजी सुखाने राहू देत नाही म्हणतात, तर मी काय चीज.

आता मी ग्वाक मालकांकडे आहे. पुलाखालचं ते दुकान, ज्याच्या काचेला नाक लावून आपण उभे राहायचो. काचेत ठेवायची छोटी जहाजं करणारे. मालकांची नजर अधू झालीय, त्यामुळे बारीक काम माझ्याकडे. तांब्याच्या केसासारख्या तारेचे कठडे, पावट्याएवढ्या जीवरक्षक होड्या, रेशमी धाग्याला मेण चोळून केलेले दोर. आठवडाभर मी नुसत्या शिडीच्या पायऱ्या कापत होते, कागदाच्या. शिंकले की गेल्या. मालक म्हणतात, "सुन-दोक, जहाज करतेयस की नथ?" आणि गिऱ्हाईक आलं की त्यालाच सांगतात, "हिच्या पायाला भिंगरी आहे, पण हात बघा, दगडासारखा स्थिर."

त्याच हाताला नऊ-दहा दिवसांपूर्वी जे सापडलं, ते सांगते, दादा.

उन्हाळ्याच्या शेवटी तुमच्या कंपनीचा माणूस दुकानात आला. अध्यक्षांची साठी आहे या महिन्याअखेर, त्यांना भेट म्हणून 'सेब्योक-हो' करून हवी. सगळ्यांत जुनी, त्यांची लाडकी. आणि नवी कोरी नको, आज आहे तशीच हवी, गंजासकट. त्याने नकाशे दिले आणि जूनमध्ये गोदीतून रंगून निघाली तेव्हाच्या फोटोंचं जाडजूड पाकीट. मी उडीच मारली. माझ्या दादाचं जहाज! मालकांना म्हटलं, हिला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. रोज दुपारी डबा खाताना मी तुला त्या जहाजावर शोधायची. इथे दादा झोपतो. इथे उभा राहून सिगरेट ओढतो. वेडेपणा.

मग कुशीवरच्या खुणा काढायची वेळ आली. तू बोटीवरचा मुकादम, तुला मी काय सांगणार. पण मला ते काहीच माहीत नव्हतं. तो गोल आणि त्यातून जाणारी आडवी रेघ कशासाठी, असं मी विचारलं तेव्हा मालक म्हणाले, "ती रेघ पाण्याखाली गेली की समजायचं, जहाजाने झेपेल त्याच्यापेक्षा जास्त पोटात घातलंय." मला गंमत वाटली. जेवणाऱ्याच्या पोटावर खूण करून ठेवल्यासारखं.

नकाशावरून माप घेतलं, खूण केली. फोटोशी ताडून पाहिलं तर जुळेना. फोटोतला गोल वर. पुन्हा मोजलं. दुसरा फोटो, तिसरा फोटो. आमच्या जहाजावर तो फरक किती, तर एक तांदळाचा दाणा उभा ठेवावा तेवढा. मला वाटलं मीच चुकले. पण आमचं जहाज खऱ्याच्या शंभरावा भाग आहे, दादा. तुमच्या जहाजावर तो दाणा माणसाच्या गुडघ्याएवढा होतो.

एक फोटो संध्याकाळचा आहे, ऊन कुशीला घासून जाणारं. तो मी भिंगाखाली धरला. नव्या पांढऱ्या गोलाच्या खाली, काळ्या रंगाच्या आत, एक कडं दिसतं. नुसती सावली. लोखंडावर वेल्डिंगने उठवलेलं जुनं कडं, वरून रंगवून टाकलेलं. खूण वर सरकवली की तेवढा जास्त माल पोटात घालता येतो आणि रेघ पाण्याबाहेरच दिसते.

मी भिंग खाली ठेवलं आणि बाहेर जाऊन माशाच्या वड्या खाल्ल्या. चार काड्या. भूक नव्हती.

मालकांना दाखवलं. त्यांनी भिंग डोळ्याला लावून पाहिलं, मग म्हणाले, "फोटोत आहे तसं रंगव. अध्यक्ष हिला पाण्यात सोडणार नाहीत, काचेत ठेवणार आहेत." मी म्हटलं, "खरी तर पाण्यातच आहे ना?" तर चिडले. "आपण काय बंदराचे साहेब आहोत? ब्रश धर." थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं, "तुझा भाऊ कुठल्या जहाजावर आहे म्हणालीस?" मी हातातल्या जहाजाकडे बोट दाखवलं. ते सिगरेट ओढायला बाहेर गेले आणि त्या दिवशी परत आलेच नाहीत.

तेव्हापासून रेडिओवर समुद्राचं हवामान लागलं की मी हातातलं काम टाकून ऐकत बसते. पूर्वेच्या समुद्रात लाटा तीन मीटर, चार मीटर. आई विचारते, "काय म्हणाला गं?" मी तिच्या कानात ओरडते, "शांत आहे!" झोपले की खोलीची खालून तापवलेली जमीन अंगाखाली हलते आहे असं वाटतं, मग मी उठून भिंतीला टेकून बसते. मी कुठल्याही गावाहून कधीही पळून जाऊ शकते, दादा. तू कुठे पळणार? चारी बाजूंनी पाणी.

शेवटी मी फोटोप्रमाणे रंगवलं. पण त्याआधी खऱ्या जागी केसाएवढ्या तारेचं कडं चिकटवलं आणि त्यावरून काळा रंग दिला. का केलं ते विचारू नकोस. आहे तसं हवं म्हणाले होते ना.

काल आई डबा घेऊन दुकानात आली. जहाज बघून खूश झाली. आपल्या त्या जाड बोटांनी कुशीवरून असा हात फिरवला, जसा तुझ्या पाठीवरून फिरवायची तसा. आणि बोट थांबलं.

"हे खाली काय आहे?"

"काही नाही गं. डिंकाचा थेंब."

"डिंकाचा थेंब असा पोकळ असतो?" ती अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणाली. "फळीवर लटकून आयुष्य काढलंय मी. त्या कड्यावर हातोडी पडली की फोरमन आईवरून शिव्या द्यायचा. ते वर कुणी नेलं?"

तिने माझ्या हातातलं भिंग घेतलं, फोटो घेतला, खिडकीपाशी गेली.

दादा, आता जे लिहायचं टाळत मी कुत्र्याची नि माकुळाची गोष्ट सांगत बसले, ते लिहिते. फोटोतल्या पांढऱ्या रेघेचं डावं टोक जाड आहे. सुरुवात उजवीकडे बारीक, शेवट डावीकडे, आणि शेवटी ब्रश जरा वर उचललेला. शेजारच्या होड्यांवर तू नंबर रंगवायचास आणि मी डबा धरायचे, तेव्हा बापे हसायचे की ह्या डावऱ्याचा प्रत्येक आकडा शेपूट उचलतो. आईने तुझा डावा हात बांधून ठेवला होता, आठवतं? तरी सुटला नाही.

तिनेही ओळखलं. फोटो उलटा करून टेबलावर ठेवला. मग डब्याचं झाकण उघडून म्हणाली, "खाऊन घे, गार होतंय." तिने स्वतः काही खाल्लं नाही.

तू का रंगवलंस, कोणी सांगितलं, नाही म्हणाला असतास तर काय झालं असतं, मला काही विचारायचं नाही. सप्टेंबरात मनिलाहून तू लिहिलं होतंस, "हल्ली कपडे घालूनच झोपतो, थंडी फार." मी ते वाचून हसले होते. सप्टेंबरात, मनिलाला थंडी! आईने तर लगेच लोकर आणली. काल रात्री ते पत्र पुन्हा काढलं आणि कळलं. तू बूटही घालून झोपत असशील. तुला सगळं माहीत आहे, आणि तू तिथेच आहेस, आणि रोज रात्री उठून पळायच्या तयारीत झोपतोस. माझ्या भीतीला निदान जमीन आहे.

तुम्ही जपानात मुरोरानला भंगार लोखंड भरताय आणि मंगळवारी निघणार, असं कळलंय. फोन केला तर तो एजंटच्या कचेरीत, दहा कान. म्हणून हे पत्र सोक काका आणताहेत. गल्लीच्या तोंडाशी राहणारे, पूर्वी शाळेच्या भटारखान्यात होते ते. तुमचा स्वयंपाकी पोटदुखीने उतरला, त्याच्या जागी ते चाललेत, उद्याच्या विमानाने. (खरंच पोटदुखी होती का रे त्याची?) आईने तिखटाचा मोठा बुधला भरून दिलाय, त्याच्या तळाशी मेणकागदात हे दोन्ही कागद गुंडाळलेत, आणि बुधला तूच तळापर्यंत उपसायचा असा निरोप काकांकडे दिलाय. बुधल्याच्या बाहेर वासच इतका आहे की कोणी उघडणार नाही.

आणि ऐक. काकांना मी काही सांगितलेलं नाही. ते दारात आले तेव्हा किती आनंदात होते! "सुन-दोक, म्हातारपणी समुद्र बघायला निघालो बघ. तुझ्या भावाला असा रस्सा खाऊ घालतो की घरी यायचं नाव काढणार नाही." मी हसले. तोंड उघडलं होतं मी, देवाशप्पथ. पण सांगितलं असतं तर ते गेले नसते, आणि ते गेले नसते तर हे पत्र कोणी नेलं असतं? एका म्हाताऱ्याला हसतहसत मी त्या जहाजावर पाठवते आहे. भीतीने माणूस असा होतो हे मला माहीत नव्हतं. तर हा कागद त्यांना दाखव. त्यांना घेऊन उतर. एकटा उतरू नकोस.

सोमवारी सकाळी मी फोटो आणि नकाशा घेऊन बंदराच्या मोठ्या कचेरीत जाणार आहे. तू उतरलास तरी आणि नाही उतरलास तरी. बाकीच्यांच्याही बहिणी आहेत. मला तिथे उभं करतील की हाकलतील, माहीत नाही. मी आठवी पास, कपड्यांना थिनरचा वास. पण आई म्हणते ती सोबत येणार, आणि ती बोलायला लागली की दोन मजले ऐकतात. ते जाड टोक ओळखणारी माणसं जगात दोनच आहेत, त्याबद्दल दोघी गप्प बसू. पण दादा, ते तू स्वतः येऊन सांगितलंस तर आईच्या घशाखाली घास जाईल. एवढं लिही, असं तिने सांगितलेलं नाही. मी बघतेय म्हणून लिहिते.

आज पहाटे ती गुडघे धरत डोंगरावर गेली होती, आजीच्या दगडापाशी. किती वर्षांनी. सगळे तिथे जाऊन म्हणतात, बाई, आमच्या पोरांना सोड, जाऊ दे. आईला विचारलं, तू काय मागितलंस? म्हणाली, "मागायचं काय? सांगितलं. माझा मुलगा ओढून आण. मान धरून आण."

जहाज जवळजवळ पूर्ण झालंय. नकाशात बाहेरची शिडी दुमडून कठड्याला बांधलेली आहे, मी तशीच केली होती. आज दुपारी ती उचकटली आणि खाली सोडली, पार पाण्याच्या रेषेपर्यंत. सगळ्यात खालच्या पायरीवर एक माणूस ठेवलाय, जहाजाकडे पाठ करून. त्याच्या मागे आणखी एक, जरा जाडा, हातात बुधला घेतलेला. मालकांनी बघितलं. म्हणाले, "भर समुद्रात शिडी सोडतं का कोणी?" मग त्यांनीच डिंकाची बाटली माझ्याकडे सरकवली.

आई विचारतेय, संपलं का लिहून. संपलं म्हणून सांगते.

शिडी सोडलेली आहे, दादा.

तुझीच,
सुन-दोक