सेटवरचं फायकस

९ जानेवारी १९८६

झाड मिळालं एकदाचं. दादांना, म्हणजे आमच्या कलादिग्दर्शकांना, दिवाणखान्याच्या सेटवर खरंच झाड हवं होतं. प्लास्टिकचं कॅमेऱ्याला कळतं, म्हणतात. चार दिवस मी नर्सऱ्या धुंडाळतोय, सगळी झाडं गुडघ्याएवढी. आज मरोळला एका जुन्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर, गॅलरीत दिसलं. फायकस. माझ्याहून वीतभर उंच, खोडाला पीळ, पानं इतकी दाट की मागची भिंत दिसेना. सरळ बेल वाजवली.

शालिनीताई. सत्तरीच्या आसपास, एकट्याच राहतात. आधी नाहीच म्हणाल्या. मग चहा झाला, आणि चहा पिता पिता सांगितलं. यजमानांची दृष्टी गेली, त्यानंतर घरात हे झाड आणलं. त्यांना काहीतरी हाताशी हवं म्हणून. दर रविवारी ओलं फडकं घेऊन एकेक पान पुसायचे, बोटांनी चाचपत. नवीन पान आलं की आधी त्यांना कळायचं, मग ताईंना. ते जाऊन सहा वर्षं झाली.

"त्यांनी हे झाड कधी पाहिलंच नाही," म्हणाल्या. "जगाने तरी बघू दे."

न्या म्हणाल्या. आहे तसं परत आणून देईन, असा मी शब्द दिला.

११ जानेवारी

टेम्पोतून अंधेरीला स्टुडिओत आणलं. मी मागे झाडाला धरून बसलो. फ्लोअरवर जिन्याशेजारी ठेवल्याबरोबर खोटा दिवाणखाना खरा वाटायला लागला. दादा दोनदा भोवती फिरले, चष्मा काढून पुसला, म्हणाले, झकास. दादांच्या तोंडून हा शब्द वर्षातून एकदा.

१५ जानेवारी

सकाळी सेट उघडला तर झाडाखाली गालिच्यावर पानं. पिवळी दोन-चार असती तर काही वाटलं नसतं. हिरवी, चांगली तुकतुकीत पानं पडलीयत. हात लावला तर आणखी पडली.

पाणी घातलं भरपूर.

१७ जानेवारी

थांबत नाहीये. ए.सी.चा पाइप नेमका वर आहे हे आज लक्षात आलं, गार वारा थेट फांद्यांवर. कोपऱ्यात सरकवलं. तर दादा म्हणाले, फ्रेम गेली. परत जागेवर. संध्याकाळी दिव्यांमुळे तापतंय म्हणून पुन्हा मागे. आज तीनदा हललं बिचारं.

शिवाय सगळे दया येऊन पाणी घालतायत. लाइटवाले घालतात, मेकअपवाला घालतो, मीही घालतो. कुंडीत बोट घातलं तर चिखल. एकाने उरलेला चहासुद्धा ओतला होता. बोलणार काय, त्याच्या मनात चांगलंच होतं.

२१ जानेवारी

आजचं लिहून ठेवलंच पाहिजे.

सीन असा. आई वारली आहे, मुलगी खूप वर्षांनी घरी येते, रिकाम्या दिवाणखान्यात उभी राहून आईशी बोलते. मोठा डायलॉग. हिरॉइनबाई तयारीच्या, एका टेकमध्ये घेऊ म्हणाल्या. सगळं फ्लोअर चिडीचूप. मी कॅमेऱ्यामागे, जीव मुठीत. झाड तोवर अर्धं उघडं झालेलं. दादांनी दाट बाजू पुढे फिरवून कशीबशी वेळ मारली होती.

बाई अर्ध्यावर आल्या आणि एक पान सुटलं. मला सुटताना दिसलं. थेट खाली नाही पडलं, एकदा गिरकी घेऊन त्यांच्या पावलाशी आलं. टक् असा आवाज. एवढ्या मोठ्या फ्लोअरवर पानाचा आवाज ऐकू यावा!

बाई थांबल्या. पानाकडे बघितलं. मग उरलेला डायलॉग त्या पानाकडे बघतच म्हणाल्या, आवाज अगदी खाली आणून. असं ठरलं नव्हतं. डायरेक्टरने कट म्हटलंच नाही. संपल्यावरही कॅमेरा चालू, कुणी हलेना.

वर छताजवळ, दिव्यांच्या कॅटवॉकवर बसलेला लाइटवाला डोळे पुसत होता. माझ्याही अंगावर काटा.

नंतर ते पान उचललं. देठाशी अगदी साफ, कुणी तोडल्याची खूण नाही. झाडाने स्वतःच सोडलं होतं.

२३ जानेवारी

शेड्यूल संपलं. सेट बंद, पुढचं काम मार्चमध्ये. फायकसवर जेमतेम मूठभर पानं. दादा म्हणाले, दे टाकून मागच्या आवारात, मार्चला दुसरं बघू. त्यांना माझा शब्द माहीत नाही.

या अवस्थेत मरोळला नेण्याची हिंमत होईना. टेम्पो बोरीवलीला वळवला, घरी. मायाने दार उघडलं, झाडाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मुकाट्याने गॅलरीतलं कपडे वाळवायचं स्टँड बाजूला काढलं. बायको शाळेत जीवशास्त्र शिकवते याचा उपयोग पहिल्यांदाच होणार.

२४ जानेवारी

सकाळी मायाने फांदीवर नखाने किंचित खरवडलं. वरची करडी साल गेली, खाली हिरवंगार. आणि लगेच चिकाचा पांढरा थेंब.

"मेलं नाहीये," म्हणाली. "मेलेल्याला चीक येत नाही."

मी बराच वेळ त्या थेंबाकडे बघत राहिलो. वरून काठी, आतून हे.

तिने समजावलं ते असं. वडापिंपळाच्या कुळातलं झाड, ऊन पिणारं. ताईंच्या गॅलरीतल्या उजेडात जी पानं झाली ती त्या उजेडाच्या मापाची. अंधाऱ्या फ्लोअरवर ती पोसणं झाडाला परवडत नाही, म्हणून सोडून देतं. वर गार वारा, चिखलात गुदमरलेली मुळं, आणि आम्ही रोज जागा बदलतोय. प्रत्येक नव्या जागी त्याने नवा हिशोब मांडायचा. गळती हा रोग नव्हे, ते झाडाने केलेलं काम आहे, म्हणाली. मग म्हणाली, "मी हे मुलांना दोन ओळींत शिकवते रे. बघितलं कधीच नव्हतं."

उपाय सोपा आणि कठीण. उजेडाची एक जागा द्यायची आणि हात लावायचा नाही. बोट दोन पेरं मातीत घालायचं, कोरडं लागलं तरच पाणी, आणि खाली साचलेलं ओतून टाकायचं. खत अजिबात नाही. पानंच नाहीत तर खाणार कोण.

२ फेब्रुवारी

मरोळला जाऊन शालिनीताईंना सगळं सांगितलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. शांतपणे ऐकलं.

"जिवंत आहे?"

"माया म्हणते, आहे."

गॅलरीत कुंडीचा गोल डाग अजून तसाच. ताई त्याच्याकडे बघत होत्या. मग विचारलं, पडलेली पानं कुठेत. स्टुडिओच्या झाडूवाल्याने नेली, म्हणालो. ताई दुधाखालचा गॅस बारीक करायला आत गेल्या. बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

यजमानांनी पुसलेली पानं. माझ्या डोक्यात रस्ताभर तेवढंच.

१३ फेब्रुवारी

काही नाही. काठ्या. शेजारचे कुलकर्णी म्हणतात, होळीला उपयोगी पडेल.

हात शिवशिवतात. जरा उन्हात सरकवू का, थोडं खत... माया अडवते. काहीही न करणं इतकं जड काम असेल वाटलं नव्हतं. आम्ही सेटवाले, रात्रीतून महाल उभा करायची सवय.

२५ फेब्रुवारी

फांद्यांची टोकं बदललीयत. की भास? मायाला बोलावलं. भास नाही. प्रत्येक टोकाला सुईसारखी हिरवी अणी, घट्ट मिटलेली. काल नव्हती. निदान मला दिसली नव्हती.

मायाने माझा दंड घट्ट धरला. दोघंही शाळा-स्टुडिओ विसरून उभे.

२८ फेब्रुवारी

गॅलरीत फरशीवर पापुद्रे, किड्याचे पंख असावेत तसे. घाबरलो, कीड लागली. माया हसली. कोवळं पान त्यात गुंडाळलेलं असतं, म्हणाली. पान बाहेर आलं की वेष्टण टाकून देतं.

बाळाचं दुपटं.

७ मार्च

आज सकाळी पंधरा-वीस पानं एकदम. पोपटी, इतकी पातळ की ऊन आरपार जातं आणि शिरा दिसतात. खालच्या जुन्या फांदीवर पण, जिथे नुसती करडी साल होती, तिथून फुटलंय. सालीच्या आत वाट बघत होतं म्हणजे. कधीपासून?

एक जुनं पान अजून टिकून आहे. मायाने त्याशेजारी नवं धरून दाखवलं. नवं जास्त रुंद, जास्त पातळ. आमच्या गॅलरीला समोरच्या बिल्डिंगची सावली, ताईंच्याकडे लख्ख ऊन. कमी उजेड, म्हणून मोठा तळवा पसरलाय त्याने. याला डोळे नाहीत. समोर बिल्डिंग आहे हे याला सांगितलं कोणी?

संध्याकाळी मायाने आणखी एक सांगितलं. अशा झाडाचं पान फार तर दोन-तीन वर्षं जगतं, मग जुनं जातं, नवं येतं, एकेक करून, म्हणून आपल्याला ते कायम तसंच दिसतं. म्हणजे ताईंच्या यजमानांनी पुसलेली पानं केव्हाच गेली. मी बेल वाजवली त्याच्या कितीतरी आधी.

हे ताईंना सांगावं की नाही? मला धीर येईल. त्यांचं काय होईल?

१० मार्च

दादांचा निरोप. झाड माझ्याकडे जगलंय हे त्यांना टेम्पोवाल्याकडून कळलं. सतराला शूटिंग, तेच झाड आण.

गेलो आणि नाही म्हणालो. बारा वर्षांत पहिल्यांदा. कारण सांगितलं, शब्द दिल्याचंही. दादा चिडले. झाड तुझं की सिनेमा तुझा, असं विचारलं. मी म्हटलं, हुबेहूब तसं करून देतो, नाही कळलं तर चालेल ना? कळलं तर पुढच्या पिक्चरला मला घेऊ नका.

म्हणून गेलं तोंडातून.

१६ मार्च

आठवडाभर दुसरं काही नाही. पेरूच्या वाळक्या फांद्या, तार, कापडाची पानं. प्रत्येक पान रंगवताना समोरच्या खऱ्या झाडाकडे बघावं लागतं. एकासारखं दुसरं नाही. मी रंगवतोय तोवर तिकडे दोन उघडतात, बिनआवाज. हरलो, पण मजेत हरलो.

१८ मार्च

काल शॉट झाला. कॅमेऱ्याला कळलं नाही. दादांना कळलं. जवळ येऊन एक पान उलटं करून बघितलं, मागची शीरही रंगवलेली दिसली. माझ्या पाठीवर हात ठेवून गेले. पुढच्या पिक्चरबद्दल अवाक्षर नाही. बघू.

२३ मार्च

शालिनीताई आल्या. मीच रिक्षाने आणायला गेलो होतो. गॅलरीच्या दारात थांबल्या. झाड पोपटी, भरलेलं, वाऱ्यावर हलत होतं. पदर तोंडाशी धरला. मग पुढे गेल्या, पण हात नाही लावला.

"हे आमचं नाही वाटत," म्हणाल्या. "तरुण झालंय."

चहा झाल्यावर माझ्याने राहवेना. पानांच्या वयाचं सांगून टाकलं, अडखळत. यजमानांनी पुसलेली पानं आधीच, म्हणजे आपल्या नकळत...

ताईंनी कप खाली ठेवला.

"अरे, रोज गॅलरी मीच झाडते ना," म्हणाल्या. "मला माहीत नसेल?"

माया माझ्याकडे बघत होती, मी जमिनीकडे. ताई सांगत होत्या, यजमान गेले त्या वर्षी पडलेलं प्रत्येक पान उचलून ठेवायच्या. मग एक दिवस वर पाहिलं तर झाड तेवढंच दाट. त्या दिवसापासून पानं केरात टाकायला लागल्या. "मग फेब्रुवारीत मी सांगितलं तेव्हा..." मी म्हणालो. "तेव्हा सगळी एकदम गेली होती," म्हणाल्या. "एकदम जाणं वेगळं असतं."

निघताना विचारलं, हे मरोळला नेलं तर पुन्हा गळेल का? मायाने खरं ते सांगितलं. गळेल, थोडं तरी नक्की. मग तिथल्या उन्हाची पानं येतील. येतील बहुतेक.

ताई म्हणाल्या, विचार करते.

३० मार्च

ताईंचं अजून काही ठरत नाही. आज पोस्टाजवळच्या दुकानातून फोन केला त्यांनी. एकदा म्हणाल्या घेऊन ये, फोन ठेवता ठेवता म्हणाल्या, राहू दे, पाऊसकाळ होऊ दे. मग विचारलं, आज किती उघडली. मी दारात जाऊन बघून आलो, पण मोजता येईनात. एक पान तर माझ्यासमोरच उलगडत होतं, वेष्टण अर्धं सुटून टोकाला लोंबत. फोनवर तसं सांगितलं.

त्या म्हणाल्या, "मग बोलू नकोस. बघ."

फोन चालूच होता. मागे मरोळच्या रस्त्याचे हॉर्न ऐकू येत होते. त्यांनी ठेवला नाही, मीही नाही.