नीलिमा टॉकीजच्या पडद्यामागची खोली

मी, दामिनी श्रावण तायडे, वय ३२, स्थापत्य अभियंता, राहणार अकोला, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दबावाविना लिहीत आहे. येत्या गुरुवारी अमरावतीला माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. धोका कमी आहे, शून्य नाही.

१. बँकेतील ठेव आई आशाबाईंना.

२. लेझर मीटर मामेबहीण खुशीला. भाऊ धम्मदीपच्या हाती देऊ नये. जुना त्याने तीनदा पाडला. त्याला माझी स्कूटर. तीही त्याने पाडलेलीच आहे.

३. नीलिमा टॉकीजच्या मागच्या भिंतीला लागून असलेली, माझ्या नावावरची खोली. टॉकीज २००८ साली बंद पडले, मग तिथे तुरीचे गोदाम होते. २०२२ मध्ये फिरत्या नाटक कंपन्यांसाठी ते पुन्हा उभे केले. आराखडा माझा. छताचा भार, आवाज, बाहेर पडायच्या वाटा, सगळे मोजले. पण सिनेमाच्या पडद्यामागे माणसे नसतात, आणि मीही तिथे माणसे धरली नाहीत. कपडे बदलायला जागा नाही, संडास नाही.

बार्शीटाकळीच्या कंपनीतल्या मनकर्णाबाईंनी काम चालू असतानाच विचारले होते, "पोरी, आमी लुगडं कुठी बदलाचं?" आराखडा मंजूर झाला आहे, असे मी सांगितले.

पहिल्याच प्रयोगात त्यांना राणीच्या वेशात प्रेक्षकांमधून संडासाला जावे लागले. शिट्ट्या पडल्या. कोणीतरी म्हणाले, "महाराणी, तिकीट काढलं का?" मी तिसऱ्या रांगेत होते. उठले नाही. त्यानंतर प्रयोगाच्या दिवशी त्या सकाळपासून पाणी पीत नसत. या मार्चमध्ये रंगमंचावर चक्कर येऊन पडल्या. वर्तमानपत्राने कारण उकाडा दिले. मी ते दुरुस्त केले नाही.

रंगमंच आणि ही खोली यांच्यामधली भिंत नऊ इंची आहे, तिच्यावर छताचा भार नाही. तिच्यात दार सहज फोडता येते, हे मला तेव्हाही माहीत होते. खोलीला संडास आहे; पण तिथे माझे ऑफिस होते, ते सोडायचे नव्हते.

ही खोली नाट्यगृहाच्या विश्वस्त मंडळाला, फक्त स्त्री कलावंतांच्या वापरासाठी.

साक्षीसाठी मनकर्णाबाईंना बोलावून वरील मजकूर वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "म्हंजे तू मरेपर्यंत म्या पाणीच नाई प्याचं का?"

खोलीची किल्ली आजच मंडळाला दिली. उद्या सकाळी गवंडी दार फोडेल. खोलीचे दानपत्रही करत आहे; त्याची नोंदणी माझ्या हयातीत राहून गेली, तरच कलम ३ मृत्युपत्र म्हणून वाचावे.

सही: दामिनी श्रावण तायडे

आम्हा दोघांसमक्ष सही झाली:
१. मनकर्णाबाई गवई, बार्शीटाकळी
२. शेखर इंगळे, वकील, अकोला

अकोला, ९ जून २०२४