करंगळी ऐकत नाही

प्रिय चिमणे,

तुझं गिटार मी वापरायला काढलंय, हे आधीच सांगून टाकते. बाबांकडून कळलं असतं तर रुसली असतीस. तू शिकायला गेल्यापासून वॉर्डातून घरी आलं की घर खायला उठायचं, म्हणून तुझ्याच जुन्या मास्तरणीकडे दर शनिवारी जायला लागले. बाबा म्हणाले, "म्हातारपणी हे काय खूळ!" पण मी वाजवायला बसले की टीव्हीचा आवाज बंद करतात.

सुरुवातीला तिने तारेला हात लावू दिला नाही, नुसतं बसायला शिकवलं. बिनहातांची खुर्ची, पाठ ताठ, पावलं जमिनीला टेकलेली, गिटार उजव्या मांडीवर, पोटाशी. मी खांदे कानापर्यंत चढवून बसायचे. "काकू, इंजेक्शन द्यायचं नाहीये, खांदे सोडा," असं ती म्हणायची आणि आम्ही दोघी हसायचो. डाव्या हाताने दांडीचा भार पेलायचा नाही. अंगठा मागे, मनगट सैल, बोटं कमानीसारखी वाकवून फक्त टोकांनी तार दाबायची. तुला हे पाठच असेल. माझं मेलं करंगळीवर अडलं.

तारेवर ठेवली की ती आडवीच व्हायची आणि तार नुसती खरखरायची. मास्तरणीने खुर्ची बदलली, पायाखाली पाट दिला, माझं मनगट स्वतःच्या हाताने वळवून पाहिलं. नवशिक्यांची बोटं बधिर होतातच, म्हणाली. माझी न वाजवताही बधिर असायची, हे मी तिला बोलले नाही. वॉर्डात तान्ह्या बाळाला सुई लावताना त्याची इवलीशी मूठ डाव्या हातात घट्ट धरावी लागते. मागच्या महिन्यात ती मूठ माझ्या हातून निसटली. सुई टोचली नव्हती म्हणून निभावलं. तेव्हापासून बाळांचं काम धाकट्या सिस्टरकडे देते आणि चष्म्याचं निमित्त सांगते.

गेल्या शनिवारी मास्तरणीने माझ्या मांडीवरून गिटार उचललं आणि माझे दोन्ही हात शेजारी शेजारी ठेवले. डाव्या अंगठ्याजवळचं मांस पार बसलं होतं. "काकू, तुमची बैठक बरोबर आहे. हात डॉक्टरांना दाखवा," एवढंच म्हणाली. पेशंटचे असे हात मी कितीदा पाहिलेत गं, पण स्वतःच्या हाताकडे बघायचा धीर झाला नव्हता.

मानेत नस दबली आहे. महिनाअखेरीस ऑपरेशन ठरलंय. आहे ती ताकद टिकेल, गेलेली परत येईलच असं नाही, असं डॉक्टर म्हणाले. बाबा तेव्हापासून घरभर येरझारा घालताहेत, बंद असलेला नळ पुन्हा पुन्हा बंद करून येतात. फोनवर तुझा आवाज ऐकला असता तर मी "सगळं ठीक आहे गं" म्हणून मोकळी झाले असते, म्हणून कागद घेतला. ऑपरेशनला नेताना मी कितीजणांना "घाबरू नका" म्हटलंय. मला ते कोण म्हणणार, हेच कळत नाही. परीक्षा बुडत नसेल तर ये. बुडत असेल, तरी ये.

तुझीच,
भेदरलेली आई